न विचारलेल्या घरांचा नकाशा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या १९४२ च्या ‘छोडो भारत’ लढ्यातल्या चिमूरच्या हुतात्म्यांना आधी नमस्कार करतो. १६ ऑगस्टला या गावात काय घडले, हे चिमूरकरांना मी सांगायला नको. मला आज आठवण काढायची आहे ती त्यानंतरच्या महिन्यांची. लष्कर आणि पोलीस गावात शिरल्यावर इथल्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांच्यासाठी गांधीजींचे अनुयायी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस अन्न सोडले. ते दिल्लीला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असलेल्या लोकनायक अणे यांच्या दारी जाऊन बसले. त्यांची मागणी काय होती? चौकशी करा. चिमूरला जा आणि तिथल्या माणसांना विचारा.  

माझा विषय संख्याशास्त्राचा आहे. तरी मुद्दा तोच आहे. गावाला न विचारता गावाचे चित्र काढता येते का? काढता येत असेल तर कुठवर खरे मानायचे? आणि ते चित्र चुकले, तर ‘हे आम्ही नाही’ असे गावाने कुणाला सांगायचे?

हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. इथे शेतकरी बसले आहेत, त्यांना पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ठाऊक आहे. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर दुष्काळाच्या सवलती, वर राहिली तर काही नाही. पीक विम्याचेही तसेच. महसूल मंडळात ठरावीक ठिकाणी कापणी प्रयोग होतात, त्यांतून मंडळाचे सरासरी उत्पन्न निघते, आणि त्यावरून भरपाई ठरते. तुमच्या बांधीत धान लोळला आणि मंडळाची सरासरी बरी निघाली, तर त्या हिशेबात तुम्हाला काही मिळत नाही. कापणी प्रयोगाचे शास्त्र या देशात रुजवणाऱ्यांत आपले साताऱ्याकडचे, बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. सगळी शेते न मोजता, काही शेते नीट निवडून, काटेकोरपणे कापून देशाचे उत्पन्न सांगता येते, हे त्यांनी दाखवले. शास्त्र भक्कम आहे. पण ज्या आकाराच्या मुलखासाठी नमुना घेतला, त्याहून लहान मुलखाबद्दल त्याला बोलायला लावले की तो अडखळतो. आजचे सगळे व्याख्यान या एका वाक्याभोवती आहे.

आपण झाडीपट्टीची माणसे, भात खाणारी. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण त्या शिताने एका भांड्यातला भात कळतो. शेजारच्या चुलीवर काय शिजते आहे, ते कळत नाही.

आता आकडे घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे नाव तुम्ही ऐकले असेल. मुलांचे वजन, बायकांचा अशक्तपणा, बाळंतपण घरी की दवाखान्यात, चूल कशाची, संडास आहे का, अशी शेकडो प्रश्नांची पाहणी. तिची पाचवी फेरी महाराष्ट्रात २०१९ साली झाली. राज्यभरात ३१,६४३ घरांत माणसे गेली. जिल्हे ३६. म्हणजे सरासरीने जिल्ह्यामागे नऊशेच्या आतबाहेर घरे. निवडलेल्या प्रत्येक गावात किंवा वॉर्डात २२ घरे घेतात. म्हणजे जिल्ह्यात साधारण चाळीस ठिकाणे. चंद्रपूर जिल्ह्यात तालुके किती? पंधरा. करा भागाकार. तालुक्याच्या वाट्याला दोन किंवा तीन ठिकाणे, त्यांतलेही एखादे शहरातले.

जिल्ह्याचा आकडा यातून चांगला निघतो, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण जिल्हा म्हणजे काय? चंद्रपूरच्या कोळसाखाणी, बल्लारपूरची कागद गिरणी, ब्रह्मपुरीचा धानाचा पट्टा, ताडोब्याच्या कडेची गावे आणि जिवतीच्या डोंगरावरची कोलाम आदिवासींची पोडे, म्हणजे वस्त्या, हे सगळे एका सरासरीत. गडचिरोली तर १४,४१२ चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत तिथे दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे होती, राज्यात ३६५. देसाईगंज आणि भामरागड यांची सरासरी काढली तर ती कोणत्या गावाची होते?

दुसरीकडे जनगणना आहे. ती प्रत्येक घरी जाते. तिच्यातून गावागावाचे आकडे मिळतात: घरे किती, माणसे किती, सहा वर्षांपर्यंतची मुले किती, अनुसूचित जाती-जमातीचे किती, साक्षर किती, शेतकरी किती, शेतमजूर किती. पण जनगणना थोडेच विचारते. बाळाचे वजन ती विचारत नाही. शिवाय गावपातळीवर ती बहुतेक नुसत्या बेरजा देते. आदिवासी इतके, शेतमजूर इतके. त्या आदिवासींपैकी शेतमजूर कितीजण, हे गावाच्या पानावर सापडत नाही.

म्हणजे एका हातात खोल पण तुटपुंजी पाहणी आणि दुसऱ्या हातात सर्वदूर पण उथळ मोजणी. दोन्ही जोडता येतील का? येतात. त्या जोडणीतून जे तयार होते त्याला ‘सिंथेटिक पॉप्युलेशन’, कृत्रिम लोकसंख्या, म्हणतात. पाहणीतली खरी घरे घ्यायची, नावे आधीच काढलेली असतात. त्यांच्या प्रती काढायच्या आणि प्रत्येक गावात त्या अशा वसवायच्या, की गावाच्या सगळ्या बेरजा जनगणनेशी जुळाव्यात. संगणकात पूर्ण जिल्हा वसतो. प्रत्येक गाव, गावात घरे, घरात माणसे, त्यांचे वय, काम, आजार. मग गावागावाचा नकाशा रंगवता येतो.

हे कसे करतात ते सांगतो. आकडेमोड थोडी आहे, पण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही.

समजा एक गाव आहे, २०० घरांचे. मोजणी सांगते: ८० घरे आदिवासी, १२० इतर. तीच मोजणी सांगते: स्वतःची शेती असलेली ९०, भूमिहीन ११०. आता विचारा, भूमिहीन आदिवासी घरे किती? मोजणी गप्प. मग पाहणीकडे जायचे. समजा जिल्ह्याच्या पाहणीत शंभर घरांमागे शेतीवाली आदिवासी १५, भूमिहीन आदिवासी २५, शेतीवाली इतर ३५, भूमिहीन इतर २५. हे चार आकडे आधी ८० आणि १२० च्या बेरजेला बसतील असे वाढवायचे. मग शेतीची बेरीज ९० आणि ११० होईल असे कमीजास्त करायचे. तसे केले की पहिली बेरीज थोडी बिघडते. पुन्हा ती नीट करायची, पुन्हा दुसरी. दोनचार फेऱ्यांत आकडे स्थिरावतात: २६, ५४, ६४, ५६. उभे-आडवे मिळवून पाहा, सगळ्या बेरजा जुळतात. गावात भूमिहीन आदिवासी घरे ५४.

ही रीत डेमिंग आणि स्टीफन या दोघांनी १९४० साली अमेरिकेच्या जनगणनेसाठी मांडली. त्या वर्षी काही प्रश्न तिथे पाच टक्के लोकांनाच विचारले होते, आणि त्या उत्तरांचा मेळ पूर्ण मोजणीशी घालायचा होता. पुढे १९९६ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी याच रीतीने आख्खी शहरे संगणकात वसवली, रस्त्यांवरच्या वाहतुकीचा अभ्यास करायला. आपल्याकडे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मुंबई आणि बंगळुरू या शहरांच्या कृत्रिम लोकसंख्या उभ्या केल्या. वस्ती दाट कुठे, झोपडपट्टी कुठे, कामाला कोण किती दूर जातो, हे त्यांत घातले, आणि लोकल सुरू केली तर काय होईल, शाळा उघडल्या तर काय होईल, याचे अंदाज काढले. संकटात ते काम उपयोगी होते, आणि ज्यांनी ते केले त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

मग हेच चिमूरला का करू नये? करावे. मी त्याच्या बाजूचा आहे, हे स्पष्ट सांगतो. सिकलसेलचे उदाहरण घ्या. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवून. आपले दोन्ही जिल्हे या आजाराचे. आईबाप दोघे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता बाळ रुग्ण असण्याची. तपासणीची गाडी आधी कोणत्या गावात न्यायची, औषधाचा साठा कोणत्या उपकेंद्रावर ठेवायचा, हे ठरवायला गावनिहाय अंदाज लागतो. सगळ्यांचे रक्त तपासून होईपर्यंत थांबायचे का? नाही. तिथे असा नकाशा जीव वाचवू शकतो.

पण त्या २०० घरांच्या गावाकडे पुन्हा या. त्या ५४ मध्ये गावाचे स्वतःचे किती आहे? बेरजा गावाच्या. पण आदिवासी असणे आणि भूमिहीन असणे यांचा एकमेकांशी संबंध? तो जिल्ह्याकडून उसना आणलेला. गणित त्या संबंधाला हातही लावत नाही, जसाच्या तसा गावात आणून ठेवते. आता समजा त्या गावात वनहक्क कायद्याखाली पट्टे मिळाले आहेत. आदिवासी घरांपैकी ५५ घरांकडे शेती आहे, २५ भूमिहीन आहेत. इतरांपैकी ३५ शेतीवाली, ८५ भूमिहीन. मिळवून पाहा: ८०, १२०, ९०, ११०. याही बेरजा जुळतात! एकच गाव, त्याच बेरजा, पण एका चित्रात भूमिहीन आदिवासी ५४ आणि दुसऱ्यात २५. कोणती तपासणी ही चूक पकडेल? बेरजा तपासून पकडता येणार नाही. ती गावात गेल्यावरच दिसेल.

आणि चुकते कोणते गाव? जे जिल्ह्यासारखे आहे, त्याचे चित्र बरे येते. जे वेगळे आहे, ते चुकते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आपल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या वर. तिथे बांबूचा पैसा ग्रामसभेकडे येतो, मजुरी गावातच मिळते. माणसांनी वर्षानुवर्षे झगडून स्वतःचे गाव शेजारच्यांहून वेगळे केले. आणि कृत्रिम लोकसंख्या त्या गावाला पुन्हा सरासरीत ढकलते. त्यांनी जे कमावले ते नकाशावर पुसले जाते. मला या तंत्राची सर्वांत मोठी काळजी हीच वाटते. उलट दिशेनेही तेच. जे गाव शेजारच्यांहून जास्त उपाशी आहे, त्यालाही सरासरीचे अन्न कागदावर मिळते.

दुसरी अडचण शून्याची आहे. पाहणीच्या नऊशे घरांत कोलामाचे घर एकही आले नाही, किंवा दोन आली आणि दोन्ही रस्त्यालगतची निघाली, तर? ही सगळी रीत गुणाकाराची आहे. शून्याला कितीनेही गुणा, शून्यच राहते. जे घर नमुन्यात नाही, त्याची प्रत काढता येत नाही. मग त्या पोडावर कोणाला वसवणार? ‘अनुसूचित जमाती’ या रकान्यातल्या दुसऱ्याच कुणाला. गोंड, माना, हलबा, माडिया, कोलाम, सगळे त्या एका रकान्यात. सिकलसेलचे प्रमाण समाजासमाजाला वेगळे असते, आणि रकाना मात्र एकच. कोलाम आणि माडिया गोंड यांना सरकारनेच विशेष असुरक्षित गटात घातले आहे. ज्यांची माहिती सर्वांत जास्त हवी, त्यांचीच जागा दुसऱ्याच्या उत्तरांनी भरली जाते.

जागेचेही असेच. पाहणी झालेल्या गावांचे ठिकाण उघड होऊ नये म्हणून त्यांचे अक्षांश-रेखांश मुद्दाम सरकवून देतात. ग्रामीण भागात पाच किलोमीटरपर्यंत, क्वचित दहापर्यंत. लोकांची ओळख राखायला हे आवश्यक आहे, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण चिमूर तालुक्यात पाच किलोमीटर म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. पाच किलोमीटरमध्ये सडकेवरचे गाव जंगलाच्या आत जाते. एका गावात पहाटे मोहफूल वेचायला बाई एकटी जाऊ शकते, आणि दुसऱ्या गावात वाघाच्या भीतीने कोणी घराबाहेर पडत नाही. ताडोब्यातले वाघ कॅमेऱ्याने टिपले जातात, पट्ट्यांवरून एकेक ओळखला जातो, आणि जे टिपले गेले नाहीत त्यांचाही अंदाज शास्त्रीय रीतीने, किती चुकू शकतो ते सांगून, जाहीर होतो. त्या कडेच्या गावांतल्या माणसांच्या अंदाजालाही तेवढीच काळजी मिळावी, ही मागणी जास्त आहे का?

तिसरी गोष्ट मी थोडक्यात सांगतो, पण ती मोठी आहे. बेरजा जुन्या आहेत. २०११ नंतर जनगणना झालेली नाही. दरम्यान ताडोब्यातून नवेगाव आणि जामणी ही गावे बाहेर आली. जुन्या यादीवर जो लोकसंख्या वसवील, तो तिथे अजून माणसे वसवील, जिथे आता फक्त गवत आणि सांबरे आहेत. आणि जिवती तालुक्याच्या सीमेवरची चौदा गावे? त्यांच्यावर महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि तेलंगणही. लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डे आहेत. त्यांना दोन राज्यांचे दोन संगणक दोनदा वसवतील, किंवा दोघेही सोडून देतील.

आणि चौथी. जे विचारलेच नाही, ते कोणत्याही गणिताने येत नाही. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावे दोनच, वसा आणि अमिर्झा. साडेसहाशेच्या आसपास स्त्रिया तपासल्या, आणि त्यांतल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. बहुतेकींनी त्यावर कधी उपचार घेतले नव्हते. जगाला हे ठाऊक नव्हते. का? बायका लपवत होत्या म्हणून? तसे नाही, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्या वेळी देशातली सगळी पाहणी एकत्र करून संगणकात आख्खा गडचिरोली जिल्हा वसवला असता, तरी त्या कृत्रिम गावांतली एकही स्त्री आजारी निघाली नसती. नंतर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत नेमले, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू गावातच नोंदवला, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले. ते ३९ गावांचे वहीत लिहिलेले आकडे होते. सगळ्या जगाच्या आरोग्यधोरणाला त्यांनी वळण दिले.

मग करायचे काय? माझ्या मते तीन-चार गोष्टी आज सुरू करता येतील.

असा कोणताही नकाशा निघाला तर गावाच्या आकड्याशेजारी लिहा, की हा अंदाज आहे, तो एवढ्यापासून एवढ्यापर्यंत चुकू शकतो, आणि या तालुक्यात प्रत्यक्ष एवढ्या घरांना विचारले होते. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. एक गाव गडद लाल आणि शेजारचे हिरवे दिसते, आणि दोन्हीपैकी एकातही कोणी गेलेले नसते. वाचणाऱ्याला हे कळले पाहिजे.

असा अंदाज गाडी कुठे न्यायची, साठा कुठे ठेवायचा, पुढची पाहणी कुठे करायची, यासाठी वापरा. कोणा एका घराचा हक्क ठरवायला वापरू नका. ‘तुमच्या गावात कुपोषण अपेक्षित नाही’ असे सांगून अंगणवाडीतल्या एका पोराचा आहार थांबला, तर ते या शास्त्राच्या नावावर पाप आहे.

पाहणी करणाऱ्यांनी पोडांवर, टोल्यांवर मुद्दाम जास्त घरे घ्यावीत. राज्याची सरासरी काढताना वजन कमी करून तो जादा भाग समतोल करता येतो, हे प्रत्येक संख्याशास्त्रज्ञाला येते. खर्च वाढतो, एवढेच. तो करावा.

आणि गावाचे कृत्रिम चित्र ग्रामसभेत वाचून दाखवावे. ‘तुमच्या गावात भूमिहीन आदिवासी घरे ५४ आहेत’ असे म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतून कोणीतरी उठून सांगेल, ‘नाही साहेब, पट्टे मिळाले, आता पंचवीसच उरली.’ ते एक वाक्य संगणकात घातले की सगळे गाव सुधारते. गावाकडे काय कमी आहे? ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची यादी, आहे. अंगणवाडी सेविकेकडे वजनाच्या नोंदी आहेत, आशाताईकडे गरोदर बायकांची वही आहे. त्यातून कुणाचे नाव बाहेर न जाता दोन-तीन जोडबेरजा काढता येतात. आदिवासी आणि भूमिहीन, दोन्ही असलेली घरे किती. घरी झालेली बाळंतपणे, कोणत्या टोल्यात किती. जिल्ह्याकडून उसना आणलेला संबंध काढून गावाचा खरा संबंध घालायला एवढे पुरते.

शेवटी एक जवळचे काम. जाहीर कार्यक्रमाप्रमाणे जनगणनेची घरयादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी १ मार्च २०२७ च्या संदर्भाने व्हायची आहे. या वेळी जातही विचारली जाणार आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या सगळ्या कृत्रिम लोकसंख्या या बेरजांवर उभ्या राहतील. प्रगणक म्हणून येणारे शिक्षक तुमच्यातलेच असतील. त्यांच्यासोबत गावचा एक माणूस टोल्याटोल्यावर जाऊ द्या. पोड मूळ गावाच्या नावाखाली बुडू देऊ नका, त्याचे नाव वेगळे लिहिले का ते पाहा. मोहाच्या हंगामात आणि कामासाठी बाहेर गेलेल्या घरांना कुलूप दिसले म्हणून ती सुटू नयेत, त्यांची यादी आधीच करून ठेवा. जिवतीच्या चौदा गावांनी नोंद एकाच ठिकाणी होईल याची लेखी मागणी आताच करावी. आणि आकडे आल्यावर गावपातळीवर नुसत्या बेरजा न देता जोडबेरजाही द्या, असा ठराव ग्रामसभांनी करून जनगणना कार्यालयाकडे पाठवावा. ठरावाचा मसुदा मी सोबत आणला आहे, दाराशी ठेवला आहे. ज्या गावांना हवा त्यांनी न्यावा आणि आपल्या भाषेत बदलून घ्यावा. आता तुमचे प्रश्न घेतो.